चोंगचिंगच्या पायऱ्या

घराला तळमजला असतो आणि तो जमिनीला टेकलेला असतो, ही समजूत आम्ही पन्नासहून अधिक वर्षे निर्धास्तपणे बाळगली होती. चीनमधील चोंगचिंग नगराने ती पहिल्याच सकाळी मोडीत काढली.

झाले असे की, भाच्याच्या चौदाव्या मजल्यावरील घरातून आम्ही प्रातःकालीन फेरफटक्यासाठी निघालो. उद्वाहकातील एक क्रमांकाचे बटण दाबले, खाली उतरलो आणि बाहेर पाऊल टाकले. आदल्या रात्री जो रुंद रस्ता, बसथांबा आणि फळांचे दुकान आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, ते सारे एका रात्रीत नाहीसे झाले होते. समोर एक अरुंद गल्ली, पलीकडे नदी आणि वर चढत जाणाऱ्या पायऱ्याच पायऱ्या. इमारतीच्या रखवालदाराला आम्ही हातवारे करून बसची आकृती दाखवली. त्याने शांतपणे बोट आकाशाकडे केले. बसविषयी विचारले असता मनुष्य आकाश दाखवतो, याचा अर्थ काय घ्यावा? शेवटी भाच्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “काका, बसथांबा नवव्या मजल्यावर आहे.”

मुलगा थोरामोठ्यांची थट्टा करू लागला, असे वाटून आम्ही क्षणभर रागावलोही. परंतु ती थट्टा नव्हती. डोंगराच्या उतारावर बांधलेल्या त्या इमारतीला एक दार पहिल्या मजल्यावर नदीकडे होते आणि दुसरे नवव्या मजल्यावर मुख्य रस्त्याकडे. दोन्ही खरे, दोन्ही जमिनीवर!

हे सारे नगरच असे आहे. यांगत्से आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावर, दोहोंच्या मधोमध घुसलेल्या डोंगराळ भूशिरावर जुने चोंगचिंग वसले. पुढे ते दोन्ही तीर ओलांडून पसरत गेले. १९९७ साली त्याला सिचुआन प्रांतातून वेगळे काढून थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीतील महापालिकेचा दर्जा देण्यात आला. या ‘महापालिके’चे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या केरळ राज्याच्या दुपटीहून अधिक, आणि लोकसंख्या तीन कोटींच्या वर. अर्थात त्यात शेते, डोंगर आणि खेडीही आली. चीनमधील अन्य नगरांत सायकलींचे थवे दिसत असत त्या काळीही येथे सायकल क्वचितच दिसे, असे म्हणतात. त्या चढणी पाहिल्यावर यावर सहज विश्वास बसतो. महेश्वरचे घाट आणि ओंकारेश्वरच्या पायऱ्या चढून तयार झालेले आमचे इंदुरी गुडघे तेथे तिसऱ्या दिवशीच कुरकुरू लागले.

आम्ही चौघे गेलो होतो: आम्ही, आमच्या सौ., त्यांच्या थोरल्या भगिनी म्हणजे ताई, आणि आमचे साडू दादासाहेब. ताईंचा मुलगा एका कारखान्याच्या कामासाठी दोन वर्षे चोंगचिंगला असतो. त्याच्या आग्रहावरून दिवाळीच्या सुट्टीत हा बेत ठरला. तिघांना उत्साह होता. दादासाहेबांना नव्हता. त्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते आणि म्हणूनच कोणी ते उच्चारत नव्हते. दादासाहेबांचे वडील सैन्यात होते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये ते नेफाच्या आघाडीवर पडले. देह परत आला नाही. दादासाहेब तेव्हा चार वर्षांचे होते. वडिलांचे म्हणून त्यांच्यापाशी एक छायाचित्र आहे आणि आईने सांगितलेल्या दोन-तीन आठवणी, एवढेच. मुलाने चीनमधील नोकरी पत्करली तेव्हा ते काही बोलले नाहीत. मात्र महिनाभर त्यांनी त्याच्याशी धड संभाषणही केले नव्हते. बँकॉकमार्गे निघालेल्या विमानात बसताना त्यांनी आम्हांला बजावले, “मी मुलाला भेटायला चाललो आहे, चीन पाहायला नव्हे. तुम्ही खुशाल पाहा.”

पण चोंगचिंगमध्ये ‘न पाहणे’ हेच अवघड.

भाचा दिवसभर कामावर असे. त्यामुळे आमची भिस्त त्याने आमच्या दूरध्वनीत भरून दिलेल्या चिनी नकाशावर आणि एका भाषांतरयंत्रावर होती. त्या यंत्रात हिंदीची सोय होती. नकाशाचा पहिला अनुभव जियेफांगबेई या गजबजलेल्या चौकात आला. चौकाच्या मधोमध असलेला मनोऱ्यासारखा स्तंभ पाहून आम्ही जवळच्याच एका उपाहारगृहाच्या शोधात निघालो. नकाशा म्हणाला, ‘आपण पोहोचला आहात.’ आसपास उपाहारगृह औषधालाही नव्हते. आम्ही चौघांनी त्याच जागी दोन प्रदक्षिणा घातल्या. अखेर एका शाळकरी मुलीला दया आली. तिने आम्हांला कठड्यापाशी नेऊन खाली बोट दाखवले. उपाहारगृह नेमके आमच्या पायांखाली होते, पण सहा मजले खाली! नकाशाला पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर कळते. वर-खाली कळत नाही. ही उणीव काही मनुष्यांतही आढळते, असे दादासाहेब आमच्याकडे पाहून म्हणाले. प्रवासातील तो त्यांचा पहिला विनोद.

लीझबा स्थानकाची कीर्ती आम्ही ऐकून होतो. तेथे एकोणीस मजली इमारतीच्या पोटातून आगगाडी आरपार जाते. स्थानक सहाव्या ते आठव्या मजल्यांवर आणि त्याच्या वर लोकांची घरे. इमारत आणि स्थानक यांची आखणी एकाच वेळी झाली. मात्र दोहोंचे खांब निराळे ठेवल्यामुळे गाडीचा हादरा घरांना बसत नाही. शिवाय ही एकरुळी गाडी रबरी चाकांवर धावते, म्हणून आवाजही बेताचा. हे झाले शास्त्र. प्रत्यक्षात खालच्या मोकळ्या फलाटावर शेकडो माणसे इमारतीकडे तोंड करून आ वासून उभी होती. कोणाला भूक लागली की कोणाचा दात दुखतो, हे आम्हांला कळेना. मग उलगडा झाला. गाडी बाहेर पडताना अशा कोनातून छायाचित्र घ्यायचे की, ती आपल्या तोंडात शिरते आहे असे दिसावे! आमच्या ताई, वय बासष्ट, नातवंडे दोन. त्यांनी पदर सावरला आणि तोंड उघडले. एका अनोळखी चिनी गृहस्थाने पुढे होऊन त्यांची हनुवटी कशी असावी, हे स्वतः तोंड उघडून दाखवले. तीन गाड्या वाया गेल्या. चौथी बरोबर गिळली गेली, तेव्हा भोवतालच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

स्थानकांत शिरताना प्रत्येकाच्या सामानाची तपासणी होते. ताईंच्या पिशवीत चकल्यांचा डबा आणि पाण्याची बाटली होती. तपासणी करणाऱ्या मुलीने बाटली उचलून तोंडाशी नेण्याची खूण केली. बाटलीतील द्रव पाणीच आहे, हे सिद्ध करण्यासाठी मालकाने त्यातला एक घोट घेऊन दाखवावा, अशी तेथील रीत. ताईंना वाटले, बिचारी तहानलेली आहे. त्यांनी बाटलीचे झाकण उघडून तिच्याच हाती दिली, वर डबा उघडून एक चकलीही पुढे केली आणि मराठीत म्हणाल्या, “घे बाई, नुसतं पाणी पिऊ नये.” मागे माणसांची रांग खोळंबलेली. त्या मुलीने कर्तव्य आणि चकली यांच्यामध्ये क्षणभर विचार केला आणि हसत हसत आम्हां सर्वांना आत सोडले. चकली मात्र घेतली नाही.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका स्थानकात गर्दीत आमची ताटातूट होऊ लागली. हे होंगयानत्सुन स्थानक जमिनीखाली ११६ मीटर खोल. आपला कुतुबमिनार सुमारे ७३ मीटरांचा. म्हणजे तो आत उभा केला तरी वर बरीच जागा उरेल. एकामागून एक सरकते जिने संपता संपत नव्हते. भाचा वरून ओरडला, “बाबा, इकडे या!” त्याबरोबर दादासाहेबांनी वर पाहिले, आणि त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या एका चिनी गृहस्थानेही मान वर केली! त्याच्या मागच्या दोन मुली खुदकन हसल्या. चिनी भाषेतही वडिलांना ‘बाबा’च म्हणतात, हे आम्हांला त्या दिवशी कळले. मग त्या मुलींनीच आम्हांला विचारले, ‘इंदू?’ म्हणजे हिंदुस्थान. आम्ही मान डोलावताच त्या आमिर खान यांचे नाव घेऊ लागल्या. २०१७ साली ‘दंगल’ चित्रपट चीनमध्ये अमाप चालला. तेथे त्याचे जे नाव ठेवले होते, त्यातही ‘बाबा’ हा शब्द आहे. दादासाहेबांच्या मिशा पाहून त्यांच्यासोबत छायाचित्र काढण्याची इच्छा मुलींनी व्यक्त केली. दादासाहेबांनी नम्रपणे, पण स्पष्टपणे नकार दिला.

‘बाबा’ या शब्दाने आमची भीड चेपली आणि आम्ही चिनी बोलण्याचे धाडस केले. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद मुलांच्या गळी उतरवण्यात आमची हयात गेली. तेव्हा उच्चारांच्या बाबतीत आपण सावध आहोत, असा आमचा समज. एका न्याहारीच्या दुकानात आम्ही चहासाठी साखर मागितली. साखरेला चिनीत ‘तांग’ म्हणतात, हे पाठ करून गेलो होतो. दुकानदारीणबाईंनी लगबगीने चार वाडगे वाफाळते पाणीदार कालवण आणून ठेवले. आम्ही पुन्हा, अधिक खणखणीत स्वरात, ‘तांग’ म्हणालो. बाईंनी पाचवा वाडगा आणला! भाच्याने रात्री खुलासा केला. स्वर चढवत नेला तर ‘तांग’ म्हणजे साखर. वरच्या पट्टीत सपाट ठेवला तर ‘तांग’ म्हणजे रस्सा. वेदपाठातील उदात्त-अनुदात्तांचे महत्त्व आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. ते चुकल्यास काय भोगावे लागते, हे पाच वाडग्यांचे पैसे मोजल्यावर समजले. त्या चहात मुळी साखर घालतच नाहीत, ही गोष्ट वेगळीच.

या नगराचे ‘हुओ-कुओ’ म्हणजे अग्निपात्र जगप्रसिद्ध आहे. मेजाच्या मध्यभागी रस्सा उकळत असतो. त्यात आपल्याला हवे ते बुडवायचे, शिजवायचे आणि खायचे. परंपरेने हा रस्सा गोवंशाच्या चरबीत करतात. म्हणून भाच्याने दोन दिवस आधी सांगून आमच्यासाठी वनस्पती तेलाचे भांडे स्वतंत्र मांडायला लावले होते. शाकाहारी वाचकांनी ही खबरदारी अवश्य घ्यावी. सौं.नी यंत्रात सांगितले, आम्हांला फार तिखट चालत नाही. दुकानदाराने यंत्रात काही उत्तर दिले आणि यंत्र आम्हांला हिंदीत गंभीरपणे म्हणाले, “क्या आप सुन्न होना चाहते हैं?” आम्ही घाबरून नकार दिला. पण ते अक्षरशः खरे होते. तेथील मसाल्यात मिरचीबरोबर ‘हुआ-जिआव’ नावाचे फळ असते आणि त्याने जीभ बधिर होते. चव घेताच गोव्याकडच्या वाचकांना ओळख पटेल: ते आपल्या तिरफळाचेच भावंड. अतिसौम्य म्हणून मागवलेल्या त्या रश्श्याने आम्हां सराफ्यात वाढलेल्या इंदूरकरांच्या डोळ्यांतून पाणी काढले. एकटे दादासाहेब निमूटपणे जेवत होते. आम्ही कौतुक केले, तर म्हणाले, “तक्रार करायची, तर ज्यांच्याशी ओळख आहे त्यांच्याकडे करावी.”

हे वाक्य आम्हांला लागले. दुसऱ्या दिवशी दोन नद्यांच्या संगमावर, छाओथ्येनमन घाटाजवळ उभे असता आम्ही मुद्दाम विषय काढला. हे नगर १९३७ पासून १९४६ पर्यंत चीनची युद्धकालीन राजधानी होते. आपल्याकडील त्या वेळची वृत्तपत्रे त्याला ‘चुंगकिंग’ म्हणत. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. हे पथक १९३८ च्या अखेरीस या नगरात आले आणि येथून पुढे येनानला गेले. पाचही जणांनी जी चिनी नावे घेतली, त्या प्रत्येकाच्या अखेरीस ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द होता. कोटणीस झाले ‘क दी-हुआ’. येनानला पोहोचण्यापूर्वीच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली, तरी ते मागे फिरले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच वारले.

दादासाहेबांनी सारे ऐकून घेतले. मग पाण्याकडे पाहत म्हणाले, “कोटणीस मोठे खरे. पण त्यांनी इथं यायचं स्वतः ठरवलं होतं. माझ्या बाबांना कोणी विचारलं नव्हतं.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शिक्षकाला उत्तर नसले की तो घड्याळाकडे पाहतो. आम्हीही पाहिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी पाऊस भुरभुरत होता आणि धुके दाटले होते. हिवाळ्यातील धुक्याबद्दल हे नगर प्रसिद्धच आहे. आमच्या दोघींना बाजारात जायचे होते. आम्ही आणि दादासाहेब हुआंगज्वेपिंग भागातील एका जुन्या चहाघरात शिरलो. नाव ‘वाहतूक चहाघर’. लाकडी बाके, काळवंडलेले छप्पर, झाकणाच्या पेल्यांतून चहा आणि पत्ते खेळणारे वृद्ध. जागा नव्हती म्हणून एका अतिवृद्ध गृहस्थांनी आपल्या बाकावर सरकून आम्हांला बसवून घेतले. वय सत्त्याऐंशी, हे त्यांनी बोटांनी सांगितले. ‘इंदू’ म्हणताच त्यांनी मान डोलावली. मग आम्ही यंत्र मध्ये ठेवले. त्यांनी प्रश्न केला. यंत्र म्हणाले, “आपके पिता जीवित हैं?” प्रश्न दादासाहेबांना होता. त्यांनी मानेनेच नाही म्हटले.

वृद्ध काही बोलले. यंत्र म्हणाले, “मेरा बूढ़ा आदमी सुरंग में रह गया।”

आम्हांला अर्थ लागेना. कोण म्हातारा? कोणत्या बोगद्यात राहिला? रेल्वेच्या कामावरचा कोणी नोकर असावा, असे वाटून आम्ही हसून यंत्रात विचारले, “ते तेथे काय काम करत?” वृद्धांनी ते ऐकून हात हलवला. यंत्र बाजूला सारले. मग छातीवर तळहात ठेवून अगदी सावकाश म्हणाले, “बाबा.” आणि बोट जमिनीकडे केले.

खिशातून पेन्सिल काढून त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहिले. १९४१.

त्या आकड्याचा अर्थ आम्ही आदल्याच दिवशी भाच्याकडून ऐकला होता. जपानी विमाने या नगरावर १९३८ पासून १९४३ पर्यंत बाँब टाकत होती. हिवाळ्यात धुके नगराला झाकून ठेवी. धुके विरले की विमाने येत. ५ जून १९४१ च्या रात्री तास न् तास हल्ला चालला. नगराच्या मध्यभागातील आश्रयाच्या बोगद्यात क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे कोंडली गेली, आणि बाँबने नव्हे, तर हवेअभावी व चेंगराचेंगरीने त्यांतील कित्येक मेली. नेमकी किती, याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. समोरचा हा मनुष्य तेव्हा तीन वर्षांचा असणार. पुढे भाच्याने सांगितले की, चोंगचिंगच्या बोलीत बापाला ‘लाओ-हान’ म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘म्हातारा माणूस’. यंत्राची चूक नव्हती. त्याला बोली येत नव्हती, एवढेच. आणि आम्ही हसलो होतो.

दादासाहेब बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत होते. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि १९४१ च्या खाली लिहिले, १९६२. स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “बाबा.”

वृद्धांनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन तो आकडा वाचला. तो कोणत्या युद्धाचा, हे त्यांना कळले असावे. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांला तसे वाटले. ते काही बोलले नाहीत. यंत्राकडेही वळले नाहीत. त्यांनी उकळत्या पाण्याची किटली उचलून प्रथम दादासाहेबांचा पेला भरला, मग आमचा, आणि शेवटी स्वतःचा. तिघांनी चहा घेतला. साखर नव्हती, ती कोणी मागितलीही नाही. उठताना दादासाहेबांनी पाकिटाकडे बोट दाखवले. वृद्धांनी आतल्या दोन सिगारेटी काढून घेतल्या आणि रिकामे पाकीट त्यांच्या हाती ठेवले.

परतीच्या वाटेवर दादासाहेब काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. फक्त त्या रात्री, मुलाने आग्रह करण्यापूर्वीच, ते त्याच्याबरोबर फिरायला बाहेर पडले. बापलेक पायऱ्या उतरत गेले ते तासाभराने परतले. चढण फार असल्याची तक्रार दादासाहेब मोकळेपणाने करत होते.

चोंगचिंगमध्ये दर वर्षी ५ जूनला हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवून त्या मृतांचे स्मरण करतात. यंदा त्या दिवशी आम्ही सहज देवासला दादासाहेबांकडे गेलो होतो. मुलाचा दूरध्वनी आला. मागून तो भोंगा ऐकू येत होता. दादासाहेब बसले होते, ते उठून उभे राहिले आणि आवाज थांबेपर्यंत तसेच उभे होते. मग त्यांनी मुलाला विचारले, “जेवलास का रे?”